उभ्या झाडाचा पेला

१

मी पाण्याचे मीटर वाचतो. सव्वीस वर्षं हेच काम. रोज साठ-सत्तर दारं होतात, आणि दारात येणारं माणूस मला तीनच वाक्यं बोलतं. पहिलं, ‘मीटर मागच्या बाजूला आहे.’ दुसरं, ‘कुत्रा बांधलेला आहे.’ तिसरं खिडकीतून येतं, मी वाकून आकडा लिहीत असताना: ‘झालं का?’ मग आतून कडी लागते. यात कोणाचं काही चुकत नाही. मीटरवाल्याचा चेहरा कशाला कोण लक्षात ठेवील?

बायकोनं याची चेष्टा करून ठेवली होती. मी कामावरून आलो की ती दार उघडायची, चेहरा अगदी परका करायची आणि म्हणायची, “मीटर मागच्या बाजूला आहे.” मग तिला स्वतःलाच हसू फुटायचं आणि ती माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घ्यायची. बावीस वर्षं एकच विनोद. मला तो पहिल्या महिन्यातच पुरे झाला होता, आणि तसं मी तिला सांगूनही पाहिलं होतं.

माझी शाळा आठवीत सुटली, पण आकडे लिहायची सवय हाताला लागली ती लागली. घरीही माझी वही असते. बायकोला साखरेचा आजार जडल्यापासून त्या वहीत तिची पानं सुरू झाली: तारीख, सकाळची साखर, काय खाल्लं, आणि शेवटच्या रकान्यात पायाच्या जखमेची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये. डाव्या पायाची करंगळी दोन वर्षांपूर्वी काढावी लागली होती. सात टाके पडले होते. आता त्याच तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी, नवी जखम झाली होती आणि सात महिने ती भरायचं नाव घेत नव्हती. डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात भरली नाही तर पाऊल काढावं लागेल, असं त्यांनी तिच्यासमोरच सांगितलं.  घराशी रिक्षातून उतरल्यावर ती म्हणाली, “वहीत लिहा हं, विसराल.”

२

बिबळ्याच्या लाकडाच्या पेल्याचं मेहुणीनं सुचवलं. ती आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते आणि सल्ला देताना टोमणा फुकट देते. “भाऊजी, तुमच्या वहीनं साखर उतरत असती तर ताई आज धावत सुटली असती. काहीतरी प्यायला द्या तिला.”

बिबळा हे जंगलातलं उंच झाड. त्याच्या गाभ्याच्या लाकडाचा पेला करतात, त्यात रात्रभर पाणी ठेवतात. सकाळपर्यंत पाणी सोनेरी-तपकिरी होतं, उजेडात धरलं तर कडेला निळसर झाक दिसते. ते साखरेच्या आजारावर पितात. झाडाला खाच केली की लाल डिंक येतो, तो जखमेवर लावायची जुनी रीत आहे. एवढं मी वाचून काढलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या बंद करू नका, बाकी काय प्यायचं ते प्या.

पेले करणारा कातारी शहराचा रस्ता संपून झाडी सुरू होते तिथे राहतो. पत्र्याची शेड, आत लेथ, भुशाचा ढीग, आणि शेडमागे एक उभा बिबळा. त्याच्याकडे तयार पेले होते. पण ते कुठल्या झाडाचे, झाड कधी पडलं, हे त्याला सांगता येईना. माझ्या वहीत त्यासाठी रकाना आखलेला होता. तारखेशिवाय लाकूड जुनं किती ते कसं कळणार, आणि ते कळल्याशिवाय परिणामाची तुलना कशाशी करणार? मी तीन वेळा त्याच्याकडे गेलो.

तिसऱ्या वेळी तो वैतागला. “साहेब, झाड पडलं तेव्हा मी कॅलेंडर घेऊन उभा नव्हतो. तुम्हाला पेला हवाय की जन्माचा दाखला?”

मी मागच्या झाडाकडे बोट दाखवलं. याची फांदी आज काढली तर तारीख आजचीच. तो म्हणाला, वडील उभ्या झाडाचा पेला करत नसत. का, विचारलं तर म्हणाला, विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ज्याचं कारण माहीत नाही तो नियम कसला, ती नुसती सवय.  तेव्हा त्यानं करवत घेतली आणि माझ्यादेखत सर्वांत खालची, छातीच्या उंचीची फांदी उतरवली. कापलेल्या जागेतून लाल डिंक ओघळायला लागला. मी वहीत लिहिलं: सकाळचे नऊ चाळीस, फांदी मांडीएवढी जाड. ओलं लाकूड तडकतं, असं त्यानं बजावलं होतं. हे तडकलं नाही.

३

रोज संध्याकाळी पेला भरायचा. आत एक रेघ ओढली होती, त्या रेघेपर्यंत बरोबर दोनशे मिलिलिटर पाणी बसायचं. सकाळी ते मोजून काचेच्या ग्लासात ओतायचं आणि बायकोला द्यायचं. लाकूड पाणी पितं, म्हणून पहिले काही दिवस सकाळी एकशे नव्वद-ब्याण्णव भरायचं. तसंच व्हायला हवं होतं.

तेराव्या दिवशी दोनशे भरलं. पंधराव्या दिवशी दोनशे सहा.

आधी मी मापावर संशय घेतला. दुसरं माप आणलं. सुईशिवायच्या सिरिंजनं वीस-वीस मिलिलिटर मोजून भरलं, तसंच मोजून काढलं. दोनशे नऊ. पेल्यावर बशी झाकली, बशीला चिकटपट्टी लावली. दोनशे बारा. उलटा फिरणारा मीटर मी पाहिलेला आहे. लोक तसे करून घेतात, त्याला कारण असतं, कुठेतरी जोड मारलेली सापडते. इथे जोड कुठे शोधायची? पेला ओट्यावर होता, खाली कोरडी फरशी.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “चांगलंय की, नळाला पाणी कमी आलं तर उपयोगी पडेल.”

मेहुणीला सांगितलं तर तिनं विचारलं, साखर किती? साखर उतरली होती. दोनशे साठवरून एकशे चाळीस. मग पाण्याचं काय घेऊन बसलात, असं तिचं म्हणणं. पेल्याचा रंग महिन्या-सव्वा महिन्यात फिका पडतो, मग पेला बदलायचा, असं कातारी म्हणाला होता. पस्तिसाव्या दिवशी पाणी पहिल्या दिवसापेक्षा गडद होतं.

४

जखम भरायला लागली होती. कडेनं वळकटीसारखा गोल उंचवटा येत होता आणि रोज अर्धा मिलिमीटर आत सरकत होता. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर खूश होत्या. मला ती कड आवडत नव्हती. फांदी कापलेल्या जागी झाडाची साल जशी चहूबाजूंनी गोळा होऊन येते, तशी ती होती. पण माणसाची जखम कशी भरते हे मी कुठे रोज बघतो? म्हणून लिहून ठेवलं आणि गप्प राहिलो.

एके दिवशी पट्टी सोडताना कसलासा खडा फरशीवर पडला आणि टक्‌ असा आवाज आला. गडद लाल, डाळिंबाच्या दाण्याएवढा. मी तो चमच्यानं दाबला. काचेसारखा फुटला. कोमट पाण्यात टाकला तर लाल धागे सोडत विरघळून गेला. असे चार खडे मी पाकिटात घातले, तारीख घातली आणि डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टर म्हणाले, वाळलेलं रक्त. मी म्हटलं, रक्त असं फुटत नाही. मग पेल्यात वाढणाऱ्या पाण्याचंही सांगितलं. ते वहीचा शेवटचा रकाना बघत होते. त्यांनी मागची सात पानं चाळली, मग पुढची. म्हणाले, इतकी नीट नोंद त्यांनी आजवर कोणा पेशंटकडे पाहिली नव्हती. साखर आणि जखम या दोन रकान्यांची त्यांनी प्रत काढून घेतली आणि दवाखान्याच्या भिंतीवर लावली, बाकीच्यांना हुरूप यावा म्हणून. पाण्याचा रकाना प्रत काढताना दुमडला होता.

“तुमच्या मिसेसचा पाय वाचतोय,” ते म्हणाले. “तुम्हाला नक्की काय हवंय?”

 मी पाकीट उचललं आणि घरी आलो.

५

पुढच्या महिन्यातल्या नोंदी जशाच्या तशा देतो.

चार तारीख. सकाळी दूध करपलं. बायको पातेल्यासमोर उभी होती. घरभर वास, शेजारच्यांनी दार वाजवलं. ती म्हणाली, वास आलाच नाही. तेव्हापासून तिला कसलाच वास येत नाही.

अकरा तारीख. सकाळपासून ती गुणगुणली नाही. भांडी घासताना ती एकच चाल गुणगुणायची, लग्नाच्या आधीपासून. मी विचारलं तर म्हणाली, “कुठली चाल?” मी म्हणून दाखवली. ती विनयानं ऐकत राहिली आणि म्हणाली, छान आहे.

एकोणीस तारीख. डावा हात खांद्याच्या वर नेत नाही. दुखत नाही म्हणते. हात आहे हेच तिच्या लक्षात नसल्यासारखं. कपडे दोरीवर एका हातानं टाकते.

सव्वीस तारीख. जिन्यात बहीण भेटली तर तिला विचारलं, तुम्ही कुठल्या मजल्यावर राहता? मेहुणी आधी हसली, मग हसायची थांबली. थोड्या वेळानं बायकोला ओळख पटली, की पटल्यासारखं तिनं दाखवलं, ते सांगता येत नाही.

प्रत्येक वेळी मी तिला काय होतंय म्हणून विचारलं, आणि चारही वेळा तिनं एकच सांगितलं. “हलकं वाटतंय. कोणीतरी अंगावरचं ओझं उतरवून घेतल्यासारखं.” ती खोटं बोलत नव्हती. चेहऱ्यावर तकाकी होती, चाल सुधारली होती. डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन करून घेतला, त्यात काही निघालं नाही. वय झालं, दीर्घ आजार, अशक्तपणा, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मेहुणीला मी गुणगुणण्याचं सांगितलं तर ती चिडली. म्हणाली, “भाऊजी, बावीस वर्षं तुम्हीच तिला गप्प बस म्हणत होतात. आता बसली तर तक्रार.”

ते खरं होतं. म्हणून जास्त लागलं.

मी पेला बंद करून पाहिला. दोन दिवस साधं पाणी दिलं. गोळ्या चालूच होत्या. साखर तीनशे दहावर गेली आणि तळव्याची कड ओली झाली. तिसऱ्या दिवशी बायको स्वतःच पेल्याकडे गेली आणि दोन्ही हातांनी तो उचलला. डावा हातसुद्धा. पाणी पिताना तिचे डोळे मिटलेले होते. डॉक्टरांच्या मुदतीला बारा दिवस राहिले होते. मी पुन्हा पेला भरायला लागलो.

सातव्या दिवशी जखम पूर्ण बंद झाली. लांबी शून्य, रुंदी शून्य. डॉक्टरांनी पाऊल काढायचं रद्द केलं. शून्य लिहिताना आनंद व्हायला हवा होता.

६

पेल्याबद्दल कोणी सांगू शकत असेल तर कातारीच, असा विचार करून मी कामाच्या वेळात, सकाळी अकराच्या सुमारास त्याच्याकडे गेलो. शेडबाहेर माणसं उभी होती. दोघातिघांच्या हातात कागद होता. मी ओळखला. माझंच अक्षर, माझेच रकाने, पाण्याचा सोडून.

कातारी खुशीत होता. “या साहेब. तुमच्या कागदानं माझं बस्तान बसवलं.” मग फळीवर उपडे ठेवलेले पेले दाखवत म्हणाला, “आणि तुमची सवय लागली बघा. आता गिऱ्हाईक तारीख विचारतं, म्हणून बुडाला लिहूनच ठेवतो. फांदी उतरवली तो दिवस.”

फळीवर पाच पेले होते. प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीनं आकडा. मी पहिला उचलला. चार तारीख. दुसरा, अकरा. मी पिशवीतून वही काढली, खरं तर गरज नव्हती. एकोणीस. सव्वीस.

पाचवा हाताला ओला लागला. बुडावर आजची तारीख होती.

“ही किती वाजता काढली?”

“साडेदहा असतील. का हो?”

मी घरातून सव्वानऊला निघालो होतो. तेव्हा ती ठीक होती. डबा दिला होता, छत्री न्या म्हणाली होती.

मी शेडमागे गेलो. झाड राहिलं नव्हतंच. उभा खांब, जागोजागी कापलेल्या गोल जागा, त्यांतून डिंकाचे लाल ओघळ, आणि वर शेंड्याला पानांचा एक झुबका. सगळ्या जखमा उघड्या होत्या. फक्त छातीच्या उंचीवरची, माझी, बंद झाली होती.

“अशी जागा भरायला सात-आठ वर्षं लागतात,” कातारी मागून म्हणाला. “ही कशी भरली कोण जाणे. यश आहे तुमच्या हाताला.”

चहूबाजूंनी साल गोळा होऊन फुगीर गोळा तयार झाला होता. झाडावर अशा गाठी येतात, मी पुष्कळ पाहिल्या आहेत. गाठीच्या खालच्या कडेला चार उंचवटे होते, एका बाजूला मोठा, मग उतरत्या क्रमानं लहान. पाचव्याच्या जागी सपाट होतं. तिथे एक आडवी शीर होती आणि त्या शिरेवर बारीक उभ्या रेघा. सालीवर अशा रेघाही असतात. मी मोजल्या. सात भरल्या. मग उलट्या बाजूनं मोजल्या.

कातारीनं पोकळ आहे का बघायला त्या गाठीवर बोटाची पेरं वाजवली, दारावर वाजवतात तशी. मी त्याचं मनगट धरलं. किती जोरात धरलं ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. मी त्याला सांगितलं की या झाडाला आता हात लावू नकोस, शेंडा तसाच ठेव. कारण विचारलं तर मला सांगता आलं नाही. त्यानं वडिलांना विचारलं नव्हतं, तेव्हा मी त्याला जे ऐकवलं होतं ते तो आता मला ऐकवील, असं वाटलं. पण तो नुसता मनगट चोळत राहिला आणि म्हणाला, “बरं. तुम्ही म्हणाल तसं.” बाहेर कागद घेतलेली माणसं वाट बघत होती.

७

मी चालतच घरी आलो. वाटेत घरी तीनदा फोन केला. वाजत राहिला. साडेदहाला काय गेलं असेल, याची यादी करत होतो. नजर? बोलणं? दुसरा हात? एकेक गोष्ट मनात लिहायची आणि खोडायची. जिना चढताना स्वतःला समजावलं की पाच तारखा जुळणं हा योगायोग असू शकतो. चार तर जुळल्याच होत्या. पाचवी अजून जुळलेली नव्हती.

दार वाजवलं. अंगात खाकी गणवेश, खांद्याला पिशवी, हातात वही.

तिनं दार उघडलं. चेहरा प्रसन्न. केस नीट विंचरलेले. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तर तिनं तिकडे मान वळवली, म्हणजे ऐकू येत होतं. माझ्याकडे पाहिलं, म्हणजे दिसत होतं.

“मीटर मागच्या बाजूला आहे,” ती म्हणाली.

मला हायसं वाटलं. मग तिला हसू फुटायची वाट बघितली. बावीस वर्षं ज्या हसण्याचा मला वैताग आला होता, त्याची वाट बघत मी उंबऱ्यावर उभा राहिलो. खांद्यावरची पिशवी थोडी पुढे केली. तिनं पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिनं हात पुढे केला नाही.

तिच्या डोळ्यांत बघवेना, म्हणून मी खाली पाहिलं. ती डाव्या पायावर सगळा भार देऊन उभी होती, जरासुद्धा न लंगडता. करंगळीच्या जागी सात टाक्यांचा व्रण असायचा. दोन वर्षं मी तो रोज पुसला आहे. तिथली कातडी गुळगुळीत होती, कधी काही झालंच नसल्यासारखी.

“अगं,” मी म्हटलं.

तिला वाटलं मी बिचकतोय. “कुत्रा नाहीये आमच्याकडे,” ती समजुतीनं म्हणाली. “जा बिनधास्त. जिन्याखालून वाट आहे.”

मी मागच्या बाजूला गेलो. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. लोखंडी झाकण उचललं, वाकलो, काचेवरची धूळ अंगठ्यानं पुसली. आकडा वाचला आणि वहीत लिहिला. आकडा नेहमीसारखा नीट आला.

वर खिडकी उघडली.

“झालं का?”

मी वर पाहिलं नाही. झालं म्हणालो. थोड्या वेळानं वर आतून कडी लागल्याचा आवाज आला.